पत्ता अपुरा : मामांच्या पेटीच्या कामाची वही

९ जून २०२४

मामींचं घर रिकामं करताना माळ्यावरून पत्र्याची पेटी निघाली. कुणालाच नको होती, म्हणून रिक्षात घालून मी घरी आणली. मामा कोल्हापुरात एका थिएटरात बुकिंग क्लार्क होते. बाल्कनी, स्टॉल आणि पिटाची, म्हणजे पडद्यालगतच्या स्वस्त जागांची, तिकिटं फाडण्यात त्यांची अडतीस वर्षं गेली. झाकण उघडल्यावर आधी डांबरगोळ्यांचा वास आला, मग दिसला गच्च भरलेला सिनेमा.

आज फक्त मोजदाद. गाण्यांच्या चोपड्या ९४. नटनट्यांचे फोटो आणि शो-कार्डं, म्हणजे थिएटराबाहेर लावायचे सिनेमातले फोटो, मिळून ६१. कॅलेंडरची, काडेपेट्यांची, मासिकांची कात्रणं ६२. एकूण नग २१७.

फोटोंच्या पाठीवर मामांचं बारीक अक्षर, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीतलं. नाव, सिनेमा, साल. आणि ४३ फोटोंवर त्याखाली दोनच शब्द : ‘हल्ली कुठे?’

तेवढंच काम हाती घ्यायचं. ४३ फोटो, ४३ कार्डं.

१२ जून

पद्धत ठरली. माझी बत्तीस वर्षं टपालखात्यात गेली, त्यातली बरीचशी सॉर्टिंगच्या खणांसमोर उभ्याने. परत आलेल्या पाकिटावर पोस्टमनचा शेरा असतो : ‘पत्ता सोडून गेले’, ‘पत्ता अपुरा’, ‘मयत’, ‘घेण्यास नकार’, ‘मालक सापडत नाही’. प्रत्येक कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात असाच एक शेरा मारायचा.

भाची म्हणाली, “आत्या, माणसं आहेत ती. पाकिटं नव्हेत.”

म्हटलं, पाकिटंही माणसांचीच असतात गं.

१६ जून

स्कॅनिंग सुरू. भाची लॅपटॉपवर, मी पुसायला. चोपड्यांच्या पिना गंजून कागदाला चिकटल्यात. सुरीच्या टोकाने पाय उचलून एकेक पीन काढायची, नाहीतर मधलं पान फाटतं. आठ पानी चोपडी, किंमत एक आणा, वर नायिकेचा चेहरा एका रंगात छापलेला. आत ‘कथासार’, आणि ते ऐन मोक्याला थांबतं : पुढे काय झालं ते पडद्यावरच पाहा. मग गाणी. कुठल्याशा गाण्यापुढे मामांनी टिकलीएवढी खूण केलीय. बहुधा त्या गाण्याला पिटातून पैसे उडायचे.

शेवटच्या पानावर केसांच्या तेलाची जाहिरात. नट गेले, थिएटरं पडली, तेल अजून मिळतं.

२३ जून

पहिला घोटाळा. ‘सुलोचना’ नावाचे तीन फोटो, तीन वेगळ्या बायका.

एक लावणीवाल्या सुलोचना चव्हाण. डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या. दुसऱ्या आपल्या सुलोचनादीदी, म्हणजे सुलोचना लाटकर. जून २०२३ मध्ये गेल्या. या दोघींच्या मागे ‘हल्ली कुठे?’ नाही. कशाला असेल? आमच्या घरात त्यांची चौकशी सख्ख्या मावशीसारखी व्हायची.

प्रश्न तिसरीच्या मागे आहे. तिचं खरं नाव रूबी मायर्स. जन्म पुण्याचा, १९०७ चा, घराणं बगदादी ज्यू. सिनेमात येण्याआधी टेलिफोन ऑपरेटर होती, म्हणजे जवळजवळ आमच्याच बिरादरीतली. मूकपटांच्या जमान्यात तिच्याएवढं नाव कुणाचंच नव्हतं. मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा तिला पगार जास्त, असं तेव्हा बोललं जायचं. एका मूकपटात तिने आठ भूमिका केल्या होत्या. मग बोलपट आला आणि बाईंची हिंदुस्तानी कच्ची. सुमारे वर्षभर कामातून बाजूला होऊन भाषा शिकली आणि १९३२ मध्ये ‘माधुरी’च्या बोलत्या आवृत्तीत परत आली.

भाची म्हणाली, “मग गायब कुठे झाली?”

एका अनारकलीवरून सगळं समजतं. १९२८ च्या मूकपटात सुलोचना अनारकली. १९३५ च्या बोलपटातही तीच अनारकली. १९५३ मध्ये पुन्हा ‘अनारकली’ निघाला तेव्हा नायिका बीना राय, आणि सुलोचना सलीमची आई. मामांच्या थिएटरात हाच सिनेमा लागला असणार, कारण फोटोवर साल ५३ आहे. म्हणजे बाई समोर पडद्यावर होती आणि मामा फोटोच्या मागे लिहीत होते, हल्ली कुठे!

१९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. १९८३ मध्ये मुंबईत वारली. शेरा काय मारायचा हे ठरेना. कोपरा कोरा ठेवला.

३० जून

आज एका बैठकीत सहा कार्डं निकाली. सगळी ‘मयत’. चंद्रमोहन : ते घारे डोळे, प्रभातचा ‘अमृतमंथन’, १९४९ मध्ये ऐन चाळिशीत गेले. मीनाक्षी शिरोडकर : ‘ब्रह्मचारी’, १९३८, पोहण्याच्या पोशाखातलं गाणं. त्यांच्या नाती नम्रता आणि शिल्पा. बाकीच्या चारांबद्दल लिहिण्यासारखं फारसं हाती नाही.

आपल्या वर्तमानपत्रांत कुणी वारलं की ‘काळाच्या पडद्याआड’ असा मथळा येतो. मी अडचणीत आहे ती जिवंतपणी पडद्याआड गेलेल्यांमुळे. त्यांचा मथळा कुणी छापत नाही.

७ जुलै

‘आलम आरा’ची जोडी. यावर जरा जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

१४ मार्च १९३१, गिरगावातलं मॅजेस्टिक सिनेमा, हिंदुस्थानातला पहिला बोलपट. नायक मास्टर विठ्ठल, नायिका झुबेदा. या सिनेमाची एकही प्रत आज शिल्लक नाही, फोटो आणि जाहिरातीच तेवढ्या. म्हणजे माणसं गायब होण्याच्या आधी सिनेमाच गायब.

मास्टर विठ्ठल कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेला गडी. बाबूराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’त तो पहिल्यांदा दिसला तो नाचणाऱ्या बाईच्या वेशात. पुढे शारदा कंपनीच्या मारामारीच्या मूकपटांनी त्याला डोक्यावर घेतलं. तलवार, उडी, घोडा. ‘आलम आरा’साठी तो इंपीरियल फिल्म कंपनीकडे आला तेव्हा शारदा कंपनीने करारभंगाचा दावा लावला, आणि विठ्ठलच्या बाजूने कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर जिना. खटला जिंकला. शूटिंग सुरू झालं आणि कळलं की नायकाला उर्दू-हिंदी नीट बोलता येत नाही. मग कथेतच त्याला बराच वेळ बेशुद्धीत, गुंगीत दाखवला. पहिल्या बोलपटाचा नायक, आणि बोलायला बंदी.

त्यानंतर तो मराठीकडे वळला. काही वर्षं चांगली कामं, मग हळूहळू लहान. शेवटची कितीतरी वर्षं तो मराठी सिनेमात चार ओळींच्या भूमिका करत होता. १९६९ मध्ये वारला.

झुबेदाचं दुसरंच टोक. आई फातमा बेगम, १९२६ मध्ये चित्रपट दिग्दर्शित करणारी इथली पहिली बाई. वडील सचीन संस्थानचे नवाब, असं सांगतात. झुबेदाने हैदराबादच्या धनराजगीर घराण्यात लग्न केलं, आणि अखेरच्या काळात ती राहायची कुलाब्याच्या धनराज महालात. १९८८ मध्ये वारली.

धनराज महाल म्हणजे अपोलो बंदर, गेटवेपासून हाकेच्या अंतरावर. १९८४ मध्ये आमच्या ऑफिसची घारापुरीची सहल होती तेव्हा आम्ही बारा जणी त्याच इमारतीवरून शेंगदाणे खात गेलो होतो. आत ‘आलम आरा’ची नायिका राहते हे बारापैकी एकीलाही माहीत नव्हतं. तिच्या फोटोवर मात्र मामांचा प्रश्न. मामा, मी विचारून आले असते हो.

विठ्ठल : शेरा नाही. झुबेदा : ‘पत्ता सोडून गेले’, पुढे कंसात पत्ता.

१४ जुलै

स्कॅनर बिघडला. दोन दिवस गेले. भाचीने मोबाइलवर फोटो काढून काम चालवलं, पण जांभळी अक्षरं मोबाइलवर नीट उमटत नाहीत.

२१ जुलै

सगळ्यात जुनं कार्ड. मामांच्या जन्माच्या आधीचं माणूस, तरी मामांनी विचारलंय. अण्णा साळुंके. फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, पडद्यावर यायला एकही बाई तयार नाही. मग ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत काम करणारा हा नाजूक हातांचा तरुण त्यांनी हेरला. तिथे दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम तोच आणि सीताही तोच! पुढे त्याने लुगडं सोडलं आणि कॅमेऱ्याच्या मागे गेला. छायालेखक म्हणून त्याचं नाव १९३१ पर्यंत दिसतं.

हा शेरा लिहिताना बरं वाटलं : ‘पत्ता सोडून गेले. खोली तीच, फक्त भिंतीच्या पलीकडे.’ भाची म्हणाली, पोस्टमन असं लिहीत नाहीत. खरं आहे. खोडलं.

जोडीला कमलाबाई गोखले. १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये आई दुर्गाबाई कामत पार्वती आणि ही पोर मोहिनी. सिनेमात उतरलेल्या या पहिल्या बायका. कमलाबाईंचं शेवटचं काम १९८० च्या ‘गहराई’त. सदुसष्ट वर्षं! मधल्या काळात नवरा अकाली गेला, तीन मुलं रंगभूमीवर राबून वाढवली. त्यातले एक चंद्रकांत गोखले, त्यांचे चिरंजीव विक्रम. फोटोवर मात्र मामांचा प्रश्न नाही, म्हणजे मामांना ठाऊक होतं. माझ्या यादीत त्या बसत नाहीत. तरी कार्ड केलं, क्रमांक दिला नाही.

१० ऑगस्ट

पुण्यात दोन दिवस. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. आधी पत्र पाठवलं होतं, त्यामुळे चोपड्या बघायला मिळाल्या. आमच्याकडच्या ९४ पैकी काही त्यांच्याकडेही आहेत, आणि चांगल्या अवस्थेत. मत्सर वाटला.

भारतात मूकपट तेराशेच्या आसपास निघाले, उरले तिसाच्या आत. नायट्रेट फिल्म पेट घेते, आणि पेट घेत नाही तेव्हा कुजते. कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जळला तो आम्ही लहानपणी थोरल्यांकडून ऐकलाय. ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि प्रभातच्या मूळ निगेटिव्ह गेल्या. जिथे प्रभातने ते सिनेमे काढले, त्याच आवारात.

परतीच्या एसटीत कार्डं चाळली. ‘पत्ता अपुरा’ हा शेरा आतापर्यंत नऊ वेळा मारलाय. नऊपैकी सहा बायका. कारण सरळ आहे. पडद्यावर एक नाव, माहेरचं दुसरं, सासरचं तिसरं. पुरुषाचा माग काढायला एक नाव पुरतं, बाईचा काढायला तिन्ही हातात लागतात. वर ‘बेबी’ आणि ‘मास्टर’. बेबी शकुंतला जानेवारी २०१५ मध्ये आमच्याच कोल्हापुरात गेल्या, वय ८२, आणि बातमीत तेव्हाही ‘बेबी’. ‘रामशास्त्री’ (१९४४) मधली ती परकरी मुलगी. पुढे हिंदीत ‘परदेस’मध्ये मधुबालेबरोबर होती. पन्नाशीच्या दशकात इनामदार घराण्यात लग्न करून उमादेवी नाडगोंडे झाल्या आणि कॅमेऱ्याकडे पाठ केली. माझ्या खात्याच्या बॅगेत त्यांची पत्रं गेली असतील, ‘सौ. उमादेवी’ म्हणून. मी कशाला ओळखतेय!

२५ ऑगस्ट

भगवानदादा. कार्ड क्रमांक १८. पेटीतली सगळ्यात जाड पुरचुंडी यांचीच : अकरा कात्रणं. वाचून काढली. अकरापैकी आठ एकाच छापाची : जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला होता, सात गाड्या होत्या, वाराला एक, आणि अखेर दादरच्या चाळीत!

हकिगत चुकीची नाही. भगवान आभाजी पालव, जन्म १९१३, वडील गिरणी कामगार. मूकपटांपासून सुरुवात, मग स्वस्तातले स्टंटपट. चेंबूरला स्वतःचा जागृती स्टुडिओ. राज कपूरने सांगितलं, एक सामाजिक सिनेमा काढ. त्यातून १९५१ चा ‘अलबेला’. गीता बाली, सी. रामचंद्रांचं संगीत, ‘शोला जो भडके’. त्यानंतरचे ‘झमेला’, ‘लाबेला’ तसे चालले नाहीत, पैसा बुडाला, बंगला गेला, गाड्या गेल्या. ४ फेब्रुवारी २००२ ला दादरला वारले.

पण त्या मथळ्यातल्या उद्गारचिन्हाचा मला राग आला. माझी मावशी लालबागच्या चाळीत पन्नास वर्षं राहिली. तिच्याबद्दल कुणी ‘अखेर चाळीत’ लिहिलं नाही, कारण तिची अखेरही तिथेच, सुरुवातही तिथेच. दादर-परळच्या गिरणगावात वाढलेला माणूस पुन्हा दादरला आला. कर्ज होतं, हाल झाले, ते लिहा. पण चाळ म्हणजे शिक्षा, हे कात्रण लिहिणाऱ्याला कुणी शिकवलं? विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या चाळीखाली थांबायची, दादा खाली उतरून आपली नाचाची स्टेप करून दाखवायचे, मगच ढोल पुढे सरकायचा, असं सांगतात. जुहूच्या बंगल्याखाली कुठली मिरवणूक थांबते?

१ सप्टेंबर

कात्रणं बाजूला ठेवली आणि भगवानदादांना पडद्यावरच शोधायचं ठरवलं. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘चोरी चोरी’ (१९५६) मध्ये ते आहेत, ते सोपं. अवघड पुढचं, सत्तरीच्या दशकातलं. लग्नाची वरात, पार्टी, कोळीवाडा, जिथे गर्दी नाचते ती प्रत्येक जागा थांबवून बघायची. भाची कंटाळली आणि मोबाइल घेऊन गॅलरीत गेली.

रात्री पावणेअकराला सापडले. एका हिंदी सिनेमाची वरात, नायक पुढे, नायिका सज्जात. उजव्या कडेला फेटेवाल्यांच्या मधे एक बुटका, गुबगुबीत म्हातारा. कोपरं अंगाशी, हात अर्धे वर, खांदे सैल, डोळे अर्धे मिटलेले. आजूबाजूचे सगळे उड्या मारतायत. हा जागचा हलत नाही, पाय एका फरशीच्या बाहेर जात नाहीत. आणि तरी नजर त्याच्यावरून निघत नाही. पुढे अमिताभच्या नाचात लोकांना जे आवडलं ते हेच. बावीस सेकंद. मग नायकाची पाठ आडवी आली.

भाचीला हाक मारली. तिने तीनदा मागे घेऊन बघितलं. म्हणाली, “आत्या, हा सिनेमा मी दहा वेळा पाहिलाय गं.”

मीही. मामांनी तर रोज चार खेळ पाहिला असेल.

सुलोचनाच्या कार्डाचा कोरा कोपरा भरला, विठ्ठलचाही, भगवानदादांचाही. शेरा : ‘पत्त्यावर गेलो, हजर’.

८ सप्टेंबर

भगवानदादांच्या पुरचुंडीतच ललिता पवारांचा तरुणपणीचा फोटो. भाचीने ओळखलाच नाही. तिच्या लेखी ललिता पवार म्हणजे टीव्हीवरची मंथरा, कजाग सासू, एक डोळा बारीक. फोटोत दोन्ही डोळे टपोरे, ओठांवर लिपस्टिक, झोक फिल्मी नायिकेचा. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात थोबाडीत मारायचा प्रसंग होता. समोर भगवानदादा. थप्पड खरीच जोरात बसली, चेहऱ्याला लकवा झाला, डावा डोळा कायमचा अधू. नायिकेची कामं संपली. पुढची पंचेचाळीस वर्षं त्याच डोळ्यावर त्यांनी गाजवली.

‘हल्ली कुठे?’ इथे कुणाबद्दल आहे? सासूबद्दल नक्कीच नाही. फोटोतल्या त्या मुलीबद्दल असावं.

२२ सप्टेंबर

‘घेण्यास नकार’. हा शेरा एकदाच मारावा लागला.

एका नटीच्या (कार्डावर नाव आहे, इथे लिहीत नाही) घरच्यांचा फोन लागला. सूनबाई बोलल्या. आधी कौतुक, मग आवाज उतरला. सासूबाईंनी लग्नानंतर सगळे फोटो बंबात घातले, म्हणाल्या. नातवंडांना कधी काही सांगितलं नाही. एकदा टीव्हीवर त्यांचंच गाणं लागलं तर उठून गॅस बघायला गेल्या. “गॅस बंदच होता,” सूनबाई म्हणाल्या, “मला माहीत होतं, त्यांनाही.”

फोटोची प्रत पाठवू का विचारलं. बराच वेळ काही नाही, मग म्हणाल्या, नको. त्यांना नको होतं ते आता आम्ही तरी कशाला ठेवू?

फोटो पाकिटात घालून वेगळा ठेवला. स्कॅनही पुसला. भाची नाराज झाली. तिच्या मते हा ठेवा आहे. असेल. पण आलेलं टपाल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याचा असतो, आणि नको म्हटलं की पोस्टमनने दार ढकलायचं नसतं.

६ ऑक्टोबर

रंजना. हा फोटो जुना नाही. मागे पेन्सिल नाही, बॉलपेन, आणि मामांचं अक्षर थरथरलेलं. हे कार्ड मी चार दिवस पुढे ढकलत होते.

‘चानी’, ‘अरे संसार संसार’, ‘गुपचूप गुपचूप’, ‘मुंबईचा फौजदार’. हे सिनेमे मी पैसे देऊन, रांगेत उभं राहून पाहिलेत. मामांची भाची म्हणून फुकट जाता आलं असतं, पण रंजनासाठी तिकीट काढायचो आम्ही मैत्रिणी. १९८७ मध्ये चित्रीकरणासाठी बंगळूरकडे जाताना गाडीला अपघात झाला, पाय गेले. नंतर ‘फक्त एकच कारण’ या नाटकातून त्या चाकाच्या खुर्चीवरून रंगमंचावर आल्या. ३ मार्च २००० ला गेल्या. वय पन्नाशीच्या आत.

शेरा : मयत. दुसरं काही लिहवलं नाही.

२७ ऑक्टोबर

मंगळवार पेठेतल्या एका काकांकडे जाऊन आले. वय ८६. साठीच्या दशकात कोल्हापुरात जेवढे ऐतिहासिक सिनेमे झाले त्यातल्या निम्म्यांत हे मावळे. त्यांच्याकडून कुणाची तरी खबर मिळेल म्हणून गेले. चहा आला, आणि मग :

“आवो ताई, आमाला कोन नाव इचारतंय? घोड्यावर बसाय येतंय का, येवढंच इचारायचे. सकाळी मावळा, दुपारच्याला दाढी चिकटवून मोगल. मीच मला मारलंय कितींदा.”

बॅटा म्हणजे रोजचा भत्ता, दोन वेळचं जेवण, आणि तलवार पत्र्याची. पावसाळ्यात गंजली की रंगवून परत. ज्येष्ठ कलावंतांच्या सरकारी मानधनासाठी त्यांनी अर्ज केला होता. कामाचा पुरावा मागितला. पुरावा कुठून आणायचा, सिनेमाच्या नामावलीत नाव नाही. अर्ज परत आला. काका हसतच सांगत होते. त्यांच्या सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, हसू नका, तेव्हा रडला होता.

मी पिशवीतून कार्ड क्रमांक ३७ काढलं. हे शो-कार्ड, नाव नाही, मागे फक्त ‘कोल्हापूर, १९६२’ आणि ‘हल्ली कुठे?’. पुढे नऊवारीतली एक देखणी नायिका, मागे तटबंदी, भाले घेतलेली रांग. विचारलं, काका, ही कोण?

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो नाकाशी धरला. नायिकेकडे बघितलंच नाही. बोट मागच्या रांगेवरून हळूहळू सरकत गेलं आणि थांबलं.

“ह्यो मी.”

नख टेकलं होतं तिथे डाळीएवढा चेहरा, डोळ्यांवर ऊन आलेला.

“आणि ही बाई?” मी पुन्हा विचारलं.

“ती व्हय? ती येकच दिस आली हुती.”

१७ नोव्हेंबर

४३ पैकी ४२ कार्डं पुरी. ३७ च्या बाईवर ‘पत्ता अपुरा’. ४४ वं कार्ड नव्याने केलं. या माणसाबद्दल मामांनी प्रश्न विचारला नव्हता.

शो-कार्ड मोठ्या आकारात छापून घेतलं. छापणाऱ्या पोराला सांगितलं, बाईचा नाही, मागच्या रांगेचा फोकस बघ. त्याला कळेना. पुन्हा सांगितलं. दोन प्रती. एक काकांना भिंतीवर लावायला, एक अर्जाला जोडायला. पाठीमागे पुठ्ठा घालून रजिस्टरने पाठवलं, पोचपावतीसह. पत्ता पूर्ण लिहिला : गल्ली, तालमीची खूण, पेठ, पिनकोड. हाताने नेऊन देता आलं असतं, पंधरा मिनिटांचं अंतर आहे. पण टपालाने जायला हवं होतं.

२३ नोव्हेंबर

पोचपावती आली. सहीच्या जागेत काकांनी सही केलीय, आणि खाली, पोस्टमनला कसं पटवलं कोण जाणे, वाकड्या अक्षरांत लिहिलंय : ‘मिळाला. डावीकडून तिसरा.’